तेजाबात गेलेला हिरवा दगड

अब्बा, तुमच्या बोटांवर तेजाबाचे पिवळे डाग असत, तसेच आता माझ्या बोटांवर आहेत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. नंदुरबारचे सोनार दुकानातली राख आता माझ्याकडे पाठवतात. बाई कसली झारेकरी, राखेतून ही काय सोनं काढणार, म्हणून आधी हसले मेले! आता मुकाट्याने येतात. पण आज लिहायला बसले ते त्या पावरा आदिवासीच्या दगडासाठी.

मी पोर होते तेव्हा दोन दिवस चालून तो सातपुड्यातून आला होता. त्यांच्या देवात तांबं आहे, असं जंगलाच्या ठेकेदाराने गावाला सांगितलं होतं. खरं-खोटं कळावं म्हणून गावाने देवाच्या थानकावरचा लिंबाएवढा हिरवा दगडच देऊन त्याला तुमच्याकडे पाठवलं. ओट्यावर बसून तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "चिमूटभर घिसी पाह्य. दगड माले परत पाहिजे, आमना देव शे तो." तुम्ही मला कानस काढून दिलीत, भुकटी पाडून तेवढीच तेजाबात टाक म्हणालात आणि जुम्म्याच्या नमाजाला गेलात. परत येता तर काय, दगड नाहीच! काचेच्या भांड्यात नुसतं निळंहिरवं पाणी फसफसतंय. "या अल्ला!" म्हणून तुम्ही खालीच बसलात. मी म्हटलं, हातातून निसटला. तुम्ही तसेच ओट्यावर जाऊन त्याच्यापुढे हात जोडलेत, "चूक मन्ही शे."

मग त्या पाण्यात तुम्ही धुण्याचा सोडा टाकत राहिलात. तळाशी हिरवा गाळ बसला, तो धुऊन, वाळवून तुम्ही त्याच्या हातावर ठेवलात. त्याने तो बोटाने चोळून पाहिला. "हाऊ आमना देव नही," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं, खरंच सांगते. भुकटी फडक्यात बांधून तो निघून गेला. पुढे बाजारात डोंगरातलं कुणी दिसलं की तुम्ही त्याच्या गावाची विचारपूस करायचात. कुणी धड सांगायचं नाही. शेवटच्या आजारातही तुमचं तेच चालू, "तेजाब पोरना हातमा दिधं, चूक मन्हीच शे." मी उशाशी बसून ऐकत राहिले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहील गादीखाली. दगड निसटला नव्हता, अब्बा. अख्खा विरघळतो का ते मला बघायचं होतं, म्हणून मीच सोडला. आणि तो विरघळत होता तेव्हा मला मजा वाटत होती.