कावळा, घोडा आणि शेवटची चार पानं

मळ्यातलं घर,
इस्लामपूरजवळ

तीर्थरूप राजेश्वरीआक्का यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा मानसिंग याचा शिरसाष्टांग नमस्कार. (पत्राच्या माथ्यावर ‘ती. स्व.’ लिहायची आपली रीत मला ठाऊक आहे. पण या घरात सध्या ‘स्व.’ हे अक्षर भिंतीवरच्या नव्या फोटोखाली लिहिलेलं आहे, म्हणून तुमच्यासाठी वापरलं नाही. तुम्ही शंभर वर्षं जगा.) तुमच्या खुब्याचं हाड जुळत असेल असं धरून चालतो. वॉकर घेऊन तुम्ही गॅलरीपर्यंत जाता, असं आमचा शंभूराज सांगत होता. त्याचं बोलणं निम्मं सोडून द्यायचं असतं, तेव्हा दारापर्यंत तरी जात असाल. औषधं वेळेवर घ्यावीत. आमच्याकडे सगळे बरे आहेत, म्हणजे जे उरलेत ते.

विजयमालेच्या दहाव्याला तुम्हाला साताऱ्याहून येता आलं नाही, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. (बोललं. माझा चुलतभाऊ नानासो बोलला. तो पोस्टमनलासुद्धा बोलतो, मनावर घेऊ नये.) पण घाटावर जे झालं ते तुमच्या कानावर चार तोंडांतून चार तऱ्हेनं येणार, त्याआधी माझ्याकडून यावं म्हणून लिहायला बसलो आहे. शिवाय या सगळ्याचं मूळ तुमच्या साताऱ्याच्या घरात, पलंगाखालच्या ट्रंकेत आहे, हेही एकदा तुम्हाला सांगायचं आहे. मोठ्या आहात म्हणून रागावत नाही, पण राग आलेला आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली आणि परत येताना करंज्यांच्या डब्याखाली विनायक अणावकरांच्या रेसच्या रहस्यकथा घेऊन आली. त्या तुम्ही त्या ट्रंकेतून काढून दिल्या होत्या. तेव्हापासून या माणसानं आमच्या घरात मुक्काम ठोकला. किती लिहावं माणसानं याला काही धरबंध असतो. आमची म्हैस एकदा व्यायची तोवर याची दोन पुस्तकं यायची. प्रत्येकात एक घोडा, एक मुडदा, एक पैसेवाला मालक आणि त्याची दुसरी बायको. मी फौजेत सोळा वर्षं खेचरांच्या पलटणीत काढली. जनावर लाथ घालतं, माणूस मरतो, त्यात रहस्य काही नसतं, असं मी तिला किती वेळा सांगितलं. तुम्ही खेचरं हाकली, घोडा तुम्हाला काय कळणार, असं ती म्हणायची. जिनं जन्मात घोड्याला हात लावला नाही तिनं मला हे म्हणावं.

पण आक्का, त्या पुस्तकांत ती ज्या सुखानं शिरायची ते मी बघितलं आहे. उसाला पाणी पाजायला गेली तरी बांधावर पुस्तक. पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेलं की समजायचं, घोडे सुटले. भाकरी एका बाजूनं काळी आली की समजायचं, मुडदा सापडला. अर्ध्या पुस्तकात खुनी कोण ते तिला कळायचं, मग हसत हसत तुम्हाला फोन, आणि तुम्ही दोघी अर्धा तास कुजबुजायचा. मी समोर बसलेला असायचो, मला कुणी सांगायचं नाही. क्रांतीच्या लग्नात जावई घोड्यावरून मांडवाच्या दारात आले, सगळ्या बायका नवरदेव बघत होत्या, ही घोड्याचा पुढचा डावा पाय बघत होती. घोडा लंगडतोय, उतरवा म्हणाली. जावई उरलेला रस्ता फेटा सावरत चालत आले. घोडेवाला शिव्या देत गेला आणि घोडा खरंच लंगडत गेला. त्या दिवशी तिच्या तोंडावर जी खुशी होती ती मुलीच्या लग्नाची होती असं पाहुण्यांना वाटलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सांगलीच्या दवाखान्यात तिला पुस्तक धरवेना, तेव्हा मी वाचायला लागलो. ‘ओल्या ट्रॅकवरचा खून’. अणावकरांचं शेवटचं, यानंतर तो माणूसही गेला. (त्याच्या दहाव्याला काय झालं असेल कोण जाणे.) मला वाचायचं म्हणजे परेडला हुकूम दिल्यासारखंच येतं. जॉकी, मालक, मालकाची बायको, सगळे एकाच सुभेदाराच्या आवाजात बोलायचे आणि ती नळ्या लावलेल्या हातानं तोंड झाकून हसायची. नर्स रागवायची. एक दिवस म्हणाली, मला कळलं कोण ते, सांगू का? मी म्हटलं, नको, मी वाचतोय. मला खरंच आवडायला लागलं होतं. शेवटचं प्रकरण राहिलं आणि ती गेली. एवढंच. याच्यावर मला लिहिता येणार नाही.

तर दहावा. कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला, सगळे मागं सरकले, हात जोडून उभे राहिलो. कावळे भरपूर होते. समोरच्या बाभळीवर पंगतच बसली होती. शेजारी दुसऱ्या एका घरचा दहावा होता. त्यांच्या म्हाताऱ्याचा पिंड ठेवायला आणि कावळा उतरायला एकच गाठ पडली. ती मंडळी पोरगं बोर्डात आल्यासारखं आमच्याकडं बघायला लागली. आमच्या पिंडाला मात्र कावळा ढुंकून बघेना. एक उतरला, चालत जवळ आला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून शेजारच्यांच्या पिंडावर गेला.

मग सुरू झाला वचनांचा कार्यक्रम. मेलेल्या माणसाची कसली तरी इच्छा राहिली म्हणजे कावळा शिवत नाही, आणि ती पुरी करायचा शब्द दिला की शिवतो, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नानासो पुढं झाला. “वैनी, शंभूराजचं लगीन यंदा करतूच. या आता.” कावळा नाही. “वैनी, तुमच्या पाटल्या क्रांतीच्याच. कुणी हात लावणार न्हाई.” (हात कोण लावत होतं हे मला तेव्हा कळलं, कारण नानासोची बायको खाली बघायला लागली.) कावळा नाही. शंभूराजनं गुटखा सोडायचा शब्द दिला. तो गुटखा खातो हे मला तिथंच कळलं. जावयांनी लांबची बदली रद्द करून घेण्याचं कबूल केलं. बदली त्यांनी मागून घेतली होती, हे क्रांतीला तिथंच कळलं. शेवटी नानासोनं आभाळाकडं हात केले आणि म्हणाला, “वैनी, दादा आजपास्नं दारू बंद करतुया बगा.” मी पितो हे गावाला माहीत होतं, पण पाहुण्यांना माहीत नव्हतं. आता वाईपासून विट्यापर्यंत माहीत आहे. कावळा नाहीच.

ऊन वाढलं. माणसं उपाशी होती, म्हाताऱ्या पायऱ्यांवर बसल्या. गुरुजींना पुढं आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावतो, शास्त्रात सोय आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मी नाही म्हटलं. जी मांडवाच्या दारात घोड्याचा पाय ओळखते, तिला गवताचा कावळा दाखवायचा? आणि आक्का, खरं सांगू का, मला भीती वाटत होती. तिचं काहीतरी अडलंय, ती तिथं कुठंतरी उभी आहे आणि तीस वर्षं जिच्या शेजारी झोपलो तिचं काय राहिलंय हे मला माहीत नाही, ही ती भीती होती. गोळ्यांच्या आवाजात खेचरं चढवली, पण अशी भीती तिथंही नव्हती.

तेव्हा क्रांती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “आण्णा, आईचं पुस्तक ऱ्हायलंय.”

शंभूराज मोटरसायकलवरून जाऊन पुस्तक घेऊन आला. मी पिंडासमोर उभा राहिलो, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं पान लोकांनी मी शोकानं बिघडलो आहे अशा नजरेनं ऐकलं. दुसऱ्या पानाला नानासोनं विचारलं, मेला कोण म्हणायचा? मग मागची गोष्ट थोडक्यात सांगावी लागली. रेसच्या आदल्या रात्री तबेल्यात जॉकी मरून पडलेला, घोड्याच्या नालेला रक्त, सगळे म्हणतात घोड्यानं मारला, आणि घोड्याला गोळी घालायचं ठरलेलं. घोडा वाचतो का, असं म्हाताऱ्या विचारायला लागल्या. माणसाचं कुणी विचारलं नाही. गुरुजी बसून घेत म्हणाले की तो घोड्यांचा डॉक्टर दोषी दिसतो. नानासोला मालकाच्या दुसऱ्या बायकोचा संशय होता. शेजारच्यांचा विधी कधीच आटोपला होता, पण तीही मंडळी ओल्या पंच्यानिशी येऊन आमच्यात बसली. घाटावर एवढी शांतता मी कधी बघितली नाही. मी हुकुमाच्या आवाजात वाचत होतो आणि दर चार ओळींनी पिंडाकडं बघत होतो. अखेर तपास करणारा म्हातारा ट्रेनर सगळ्यांना तबेल्यात गोळा करतो, कंदील वर धरतो आणि म्हणतो, “खुनी आपल्यातच आहे, आणि त्याचं नाव…” एवढ्यात शंभूराज ओरडला, शिवला. कावळा पिंडावर होता, चोच आत खुपसून.

सगळे उठले. नाव ऐकायला कोण थांबतंय? पिंड उचलला, आंघोळी झाल्या, माणसं जेवायला पळाली. मी मात्र तिथंच पुस्तक मिटून उभा होतो आणि मला हसू येत होतं. नाव यायच्या आधीच आली, कारण तिला ते माहीत होतं. तिला फक्त पुस्तक वाचून हवं होतं. तीच ती, शंका नको. त्या दिवशी घरी येऊन मी शांत झोपलो आणि तेव्हापासून मन निवांत आहे. तुम्हीही निवांत व्हावं.

पुस्तकाची शेवटची चार पानं मी वाचलेली नाहीत. ती वाचली की ते संपलं.

मोठ्यांना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. जिन्याजवळ एकट्यानं जाऊ नये.

आपला,
मानसिंग

ता. क. हे पत्र आणि ‘ओल्या ट्रॅकवरचा खून’ शंभूराजकडं देत आहे. सोमवारी शिरवळला कंपनीत जाताना तो साताऱ्यात उतरून तुमच्याकडं येईल. चार पानांना टाचणी लावली आहे. त्यानं विचारलं तरी शेवट सांगू नये. गुरुजींचा दोनदा फोन येऊन गेला, त्यांनाही सांगणार नाही. शेजारच्या दहाव्यातला एक जण तर घरापर्यंत आला होता, त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

ता. क. दुसरा. वर ‘निवांत आहे’ असं लिहिलंय ते खोडावं. काल नानासो घेऊन बसला होता (मी नव्हती घेतली, शब्द दिलाय) आणि त्याच्या तोंडून निसटलं. सगळे माझ्या वाचण्यात गुंगले असताना त्यानं खिशातल्या पुडीतलं सांगलीचं भडंग गपचूप पिंडावर टाकलं होतं. साखरेच्या आजारामुळं त्याला उपाशी राहवत नाही, आणि शेवट काय लवकर येईना म्हणून टाकलं म्हणाला. म्हणजे कावळा भडंगाला आला. विजयमालेला भडंग कधीच आवडत नव्हतं, दातात अडकतं म्हणायची. ती आली होती का नाही हे आता मला कोण सांगणार? मी तिथून उठलो. घरात जाऊन तिच्या जागेवर बसून राहिलो.

ता. क. तिसरा, आणि हेच मुळात लिहायचं होतं. गेल्या आठवड्यात तुमच्या फोनवर माझ्या नंबरवरून फोन येऊन लगेच बंद होत होता. तो रेंजचा दोष नव्हता. तुम्ही “हॅलो, बोला की” म्हणता, आणि फोनवर तो आवाज अगदी तिचा लागतो. मला पुढं बोलता येत नाही. तेव्हा पुस्तक हातात आलं की तुम्हीच फोन करा. कोण बोलतंय, कसे आहात, काही विचारू नका. टाचणी काढून ती चार पानं सरळ वाचायला लागा. मी गप्प बसून ऐकीन. प्रत्येक पुस्तक मिटताना ती माझ्याकडं बघून एक वाक्य बोलायची. नाव आलं की जरा थांबा आणि तेवढं म्हणा, “बगा, मी म्हणलं न्हवतं?” मग फोन ठेवलात तरी चालेल.