डावीकडची मागची जागा

खानापूर,
९ सप्टेंबर १९८४

चि. परशराम यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि फोटो पावला. फोटोत गालफडं बसलेली दिसतात. जहाजावर फिटर झालास म्हणून ग्रीस खाऊन राहतोस की काय? जेवतोस काय ते लिहीत जा.

तुझे दाजी हवाई दलातली पंधरा वर्षांची मुदत संपवून ऑगस्टात कायमचे घरी आले. मुदत वाढवून मिळत होती, ह्यांनीच नको म्हणून लिहून दिलं. येताना एक ट्रंक आणली, ती अजून उघडलेली नाही. सकाळी अंघोळ करतात, ताटात वाढीन तेवढं जेवतात, आणि सोप्यात खिडकीजवळच्या खुर्चीवर बसतात. शेतात भात पोटरीला आलंय, ते बघायलाही जात नाहीत. मी शाळेतून परत येते तेव्हा खुर्ची तिथंच आणि माणूसही तिथंच. काही विचारलं तर व्हय नाहीतर न्हाय. राग नाही, भांडण नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

गेल्या नोव्हेंबरात ईशान्येकडच्या डोंगरात ह्यांच्या तळावरचं हेलिकॉप्टर पडलं, ते तुला ठाऊक आहे. त्यात सदलग्याचा सत्याप्पा गेला. ह्यांच्या हाताखालचा मेकॅनिक, सव्वीस वर्षांचा. आपल्या मुलखातला म्हणून ह्यांचा त्याच्यावर फार जीव. त्याच्या आईची, गंगव्वाची, तीन पत्रं आली. तिला लिहिता येत नाही, दर वेळी अक्षर वेगळं. मजकूर एकच, की माझ्या लेकाचं त्या दिवशी काय झालं ते येऊन सांगा. ह्यांनी तिन्ही वाचली, घडी घातली आणि ठेवून दिली. मी उत्तर लिहू का विचारलं तर न्हाय म्हणाले.

तुझ्यावर ह्यांची माया आहे. काहीतरी लिही, काय लिहायचं ते मला सुचत नाही.

जीवाला जप.
तुझी,
रुक्माक्का


रॉटरडॅम,
६ ऑक्टोबर १९८४

ती. आक्कास,
धाकट्या परशरामाचा शि. सा. न. वि. वि.

गालफडं बसली न्हाईत गं, दाढी काढली म्हणून तसं दिसतंय. इथं उकडलेले बटाटे नि मासे. बटाट्याला तिखट लावून खातो, तर जहाजावरचे गोरे माझ्याकडं बघत बसतात.

दाजींना काय लिहावं ह्यात माझे चार दिवस गेले. कागद घेतला नि ठेवला. मग परवा बंदराबाहेर फिरायला गेलतो, तिथं एक दुकान दिसलं. खऱ्या विमानांच्या, रणगाड्यांच्या मापानं केलेल्या बारक्या प्रतिकृती. डब्यात नुसते सुटे भाग असतात, आपण कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. मोठी माणसं, म्हातारी माणसं घेत होती.

हेलिकॉप्टरं तीन होती. एक अमेरिकन, लांबलचक, दोन्ही बाजूंना रॉकेटं, डबा उशीएवढा. एक रशियन, पोटात वीसेक माणसं घेऊन जाणारं. तिसरं फ्रेंच, बारकं, पुढं काचेचा भोपळा नि खाली तीन चाकं. दुकानदार म्हणाला की हेच तुमच्याकडं बनतं, चेतक नावानं. मला विचारशील तर अमेरिकन घ्यावं. काम लई आहे, दोन महिने सहज जातील. दाजींनीच मला पाना धरायला शिकवलं, त्यांचा हात रिकामा बसलेला मला बघवणार न्हाय.

कोणतं घेऊ ते कळव. तुझ्या मायेचा हात पाठीवर असू दे.
परशराम


खानापूर,
२ नोव्हेंबर १९८४

चि. परशराम यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. हेलिकॉप्टर पडून माणसं गेली, त्यातून हे असे झाले, आणि तू त्यांना खेळायला हेलिकॉप्टर पाठवतोस? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? एवढं मी तुला लिहिणार होते. शाळेत निघताना तुझं पत्र टेबलावर तसंच राहिलं.

चार वाजता परत आले तर पत्र जागेवरच होतं. फ्रेंच हेलिकॉप्टरच्या ओळीपाशी पेन्सिलीनं खूण होती आणि समासात ह्यांचं अक्षर: ‘हे. पन्नासावा हिस्सा असेल तरच. त्याहून बारकं नको.’

घरी आल्यापासून ह्यांनी लिहिलेले हे पहिले शब्द. मला बरं वाटलं की भीती वाटली ते सांगता येत नाही. अलीकडं माझंही तसंच झालंय. वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावते आणि सगळे पाढे संपले तरी मला कळत नाही.

तर ते फ्रेंच पाठव. रागावले होते ते मनावर घेऊ नको.

तुझी,
आक्का


रॉटरडॅम,
३ डिसेंबर १९८४

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

आमच्या जहाजावरचा कडोलीचा शामू सुट्टीवर येतोय, त्याच्याजवळ डबा दिलाय. पन्नासावा हिस्साच आहे. सोबत चिकटवायच्या रसायनाची नळी, एक बारीक ब्रश नि रंगाचे तीन डबे. हिरवा रंग तंतोतंत तोच आहे का, मला ठाऊक न्हाय.

दाजींना एक सांग. दुकानदार म्हणाला की साचा जुना आहे, चुका लई निघतील. दुसरं घेऊन देतो म्हणत होता. मी म्हटलं, आमच्या दाजींनी तेच मागितलंय.

शामूला चहा देशील, पण त्याच्या गप्पांवर विश्वास ठेवू नको. मी समुद्रात पडलो होतो असं तो सांगेल. पडलो नव्हतो, घसरलो होतो.

तुझा,
परशराम


खानापूर,
२० जानेवारी १९८५

चि. परशराम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

शामू येऊन गेला. तू पडलास ते सगळं सांगून गेला.

डबा दोन दिवस तसाच होता. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर सगळे भाग पाटावर मांडलेले. कागदावरचे आकडे न बघता ओळीनं लावलेले. मग चुका निघायला लागल्या. पहिली चूक ह्यांनी मला सांगितली तेव्हा मी पोळपाटापाशी होते. म्हणाले, मागचं दार सरकतं असतं, हितं नुसती रेघ मारलीय. मी हं म्हटलं आणि भाकरी करपू दिली, कारण वळून बघितलं तर बोलणं थांबेल असं वाटलं.

ब्लेड तापवून ते दार कापून काढलं. चार दिवस लागले. कापलेलं दार मागं सरकवून चिकटवलं, म्हणजे आतलं दिसतं. ह्या हेलिकॉप्टरचं इंजिन वरती उघडंच असतं म्हणे, डब्यातलं इंजिन म्हणजे साबणाची वडी. त्यावर नळ्या हव्यात म्हणून भरमूच्या, पंपाच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात गेले. पाच महिन्यांत घराबाहेर पडलेले पहिल्यांदा. जळक्या मोटारीतली तांब्याची तार घेऊन आले. भाग ज्या चौकटीला लागून येतात, त्या चौकटीची काडी मेणबत्तीवर धरून ओढली की केसासारखी तार निघते, त्याची एरियल झाली. सीटचे पट्टे माझ्या औषधाच्या चिकटपट्टीचे, आडवे-उभे कापून. फ्रेंच खुणा फेकून दिल्या. माझं शाळेचं कर्कटक घेऊन केशरी-पांढरी-हिरवी चकती स्वतः काढली. तुझा हिरवा रंग चुकीचा आहे. त्यात काळा आणि थोडा पिवळा घातला.

हे सगळं करतात, पण चेहरा तसाच असतो. आवडतंय का विचारलं. म्हणाले, आवडायचा काय संबंध, बरोबर व्हायला पाहिजे.

गंगव्वाचं चौथं पत्र आलं. ते पाटाच्या कडेला ठेवलंय, उघडून, तारेच्या वेटोळ्याखाली. आधीच्यांसारखं ठेवून दिलं नाही, एवढं खरं.

खात जा, लिहीत जा.
तुझी आक्का


सिंगापूर,
१६ फेब्रुवारी १९८५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

जहाज इकडं वळलंय, पत्र उशिरा पोचलं. उकडतंय लई.

दाजींचं वाचून मी इथल्या इंजिनरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. आमचा मुख्य इंजिनिअर म्हणतो, असला माणूस मला पाहिजे. पण आक्का, एक विचारतो. एवढे चार-चार दिवस खपून मागची बाजूच का? लोक पुढचं कॉकपिट सजवतात. दाजींना विचार. नाहीतर राहू दे, विचारू नको.

तुझा,
परशराम


खानापूर,
१७ मार्च १९८५

चि. परशराम यास अनेक आशीर्वाद.

मी विचारलं नव्हतं. आपसूकच निघालं.

आज रविवार. सकाळी बघितलं तर वरची तिन्ही पाती खाली वाकलेली. आदल्या दिवशी सरळ होती. मला वाटलं उन्हानं वाकडी झाली, इतक्या दिवसांचं काम गेलं. मी तसं म्हणाले. तर म्हणाले, न्हाय, गरम पाण्यात धरून मीच वाकवली. उडताना पाती ताठ होतात. जमिनीवर उभं असलं की आपल्या वजनानं झुकतात. हे उभं आहे. हे त्या दिवशीचं आहे, सकाळी सव्वासहाचं.

मग खुर्चीत न बसता पाटाजवळ खाली बसले आणि बोलले. त्या दिवशीची तपासणी ह्यांची होती. इंजिन बघितलं, तेल बघितलं, सगळं बघून उडायला योग्य म्हणून कागदावर सही केली. सत्याप्पा डावीकडच्या मागच्या जागेवर बसला. त्याचा पट्टा अडकत होता, तो ह्यांनी आवळून दिला. दार ह्यांनी ओढून लावलं. पुढं चाळीस मिनिटांनी धुक्यात टेकडी लागली. दोघे पायलट आणि सत्याप्पा, तिघंही गेले.

मी म्हणाले, चौकशी झाली होती ना? यंत्रात काही दोष नव्हता, धुकं होतं, असंच निघालं ना? म्हणाले, व्हय, तसंच लिहिलंय. मी म्हणाले, मग?  तर म्हणाले, सत्याप्पाच्या आईनं विचारलं की दार कुणी लावलं, तर काय सांगू?

 खरं सांगते, मला रडू आलं नाही. उठून चहा ठेवला. चहा पिताना ह्यांनी विचारलं, सदलग्याला जायला निपाणीत बस बदलावी लागते का.

मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. तू पाठवलेल्या खोक्यात कापूस भरून हेलिकॉप्टर ठेवलंय. माझ्या शाळेच्या परीक्षा संपल्या की जातील.

तुझी,
आक्का


सदलगा,
११ एप्रिल १९८५

सौ. रुक्मा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

काल दुपारी पोचलो. बसमध्ये कंडक्टर खोकं टपावर टाका म्हणत होता, दिलं न्हाय. तरी एक पातं निखळलं, ते इथं चिकटवलं.

घर शोधायला लागलं न्हाय. गंगव्वा दारातच शेंगा फोडत बसली होती. मी नाव सांगितलं. ती लई रागावली. एक पत्र लिहवून घ्यायला चार-चार दिवस माणसाच्या मागं फिरले, म्हणाली, नि तुला शिकलेल्याला एक ओळ जमली न्हाय. पुढचं कानडीत बोलली. मी उभा राहून ऐकलं. मग म्हणाली, आत ये.

पाटावर हेलिकॉप्टर ठेवलं. डावीकडची मागची जागा दाखवली नि म्हटलं, हितं बसला होता. तिनं उघड्या दारातनं बोट घालून बघितलं, बोट जाईना. म्हणाली, एवढ्या काचा, म्हणजे त्याला बाहेरचं सगळं दिसत असणार. व्हय म्हटलं. पट्टा दाखवला. मी आवळला ते सांगितलं. दाराचं तिनं विचारलं न्हाय, मीच सांगितलं. सहीचंही सांगितलं. ती ऐकत होती. सही म्हणजे काय, तिनं विचारलं. मी म्हटलं, सगळं ठीक आहे असं लिहून खाली नाव घालायचं. तिनं विचारलं, मग होतं का ठीक? व्हय, होतं, म्हटलं. बरं म्हणाली.

मग तिनं शेजारच्या बायकांना बोलावलं नि त्यांना सांग म्हणाली. परत सगळं सांगितलं. तिन्हीसांजेला थोरला लेक देवाप्पा उसातनं आला, तर त्यालाही सांग म्हणाली. दोन वेळा मी नीट सांगितलं होतं, यंत्राचं सांगावं तसं. तिसऱ्या वेळेला पट्ट्यापर्यंत आलो नि पुढं बोलवेना. रडलो. त्या बायकांच्या देखत, देवाप्पाच्या देखत. लई वेळ. कुणी गप बस म्हटलं न्हाय. गंगव्वा शेंगा फोडत होती, नि तीपण रडत होती.

आज अंग दुखतंय, ताप येऊन गेल्यासारखं. भूक लागली. दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या.

हेलिकॉप्टर तिला नकोय. बघितलं, कळलं, आता घेऊन जा म्हणाली. घेऊन येतो. परशरामला तसं लिही, त्याला वाईट वाटायला नको.

उद्याच निघणार होतो. पण रविवारी सत्याप्पाची बहीण इचलकरंजीहून येणार आहे. गंगव्वा म्हणाली, तिला तूच सांग, मी सांगितलं तर काहीतरी राहून जाईल. म्हणून सोमवारी निघतो.

जीव लावलास तसा लावत राहा.
तुझा,
रवळू