तिसरी शेपटी

ओहायो, १२ ऑक्टोबर

ती. हिल्ड्रेथताईस,
सा. न. वि. वि.

रायफल घेतली. मार्सेलाला सांगितलं, पण शहाण्या नवऱ्यासारखं घरी आणल्यावर. आमच्याकडे हरणासाठी हल्ली जुन्या जाड बाराबोअर बंदुकीशिवाय सरळ काडतुसाची रायफलही चालते. हे काडतूस तोंडाशी निमुळतं होत नाही, लिपस्टिकसारखं खालून वर सरळ. खांद्याला धक्काही मवाळ बसतो, असं दुकानदार म्हणाला.

तुला माहीतच आहे, शिकारीच्या झोपडीत माझ्या शर्टांच्या दोन शेपट्या खिळ्याला लटकताहेत. नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाची शेपटी, म्हणजे पाठीमागचं खालचं टोक, कापायची, आणि लागोपाठ तिसरी गेली की मचाण सोडून स्वयंपाकाला लागायचं, हे नियम बाबांचेच. जावई कर्टिस मचाणावर डोळा ठेवून बसलाय. रविवारी जेवताना म्हणाला की कात्रीला धार लावून आणलीय, आणि वर आणखी सॉसेज वाढून घेतलं. बाबांनी स्वतःच्या हातांनी ओकवर बांधलेलं मचाण त्या टिकोजीरावाला मिळालं, तर मला घास गोड लागायचा नाही.

रायफलीची दुर्बीण मात्र बिघडलेली दिसते. कागदी निशाणावर सगळ्या गोळ्या खालीच जातात.

लोभ आहेच, टोमणे जरा आवरावेत.

तुझा,
ऑर्लिन

आयोवा, १९ ऑक्टोबर

चि. ऑर्लिन यास,
अ. उ. आ.

गेल्या वर्षी वाऱ्याचा दोष होता, त्याआधी बंदुकीचा. आता बिचाऱ्या दुर्बिणीची पाळी का? अरे, तू दचकतोस. जन्मभर बाराबोअरने खांदा बडवून घेतलास, आता चाप ओढायच्या आधीच तुझं अंग चोरलं जातं.

एक कर. तू पाठ फिरव आणि मार्सेलाला रायफल भरू दे. मधूनच तिने खोटं काडतूस घालावं, तुला पत्ता लागू न देता. दुर्बीण बिघडलीय की दुर्बिणीमागचा माणूस, ते लगेच कळेल. तुझं तोंड बघायला मी तिथे नाही, याचंच वाईट वाटतं. हे कंबरेचं ऑपरेशन झालं नसतं तर गाडी काढून आलेच असते.

मार्सेलाला गोड पापा, तुला नाही.

तुझी,
हिल्ड्रेथ

ओहायो, ८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून चार दिवस रागात होतो. मग केलं तू म्हणालीस तसं. पहिलंच काडतूस खोटं निघालं. ना आवाज, ना गोळी, आणि मी मात्र डोळे मिटून असा उडालो की टोपी खाली पडली. मार्सेला हसून हसून गवतातच बसली.

नंतर तिला स्वतःला एक गोळी झाडून बघायची लहर आली. बरोबर मधोमध. नवशिक्याचं नशीब, मी म्हणालो. तिने दुसरीही तिथेच घातली. आता बाईसाहेबांनी शिकारीचा परवाना काढलाय, नारिंगी जाकीट घेतलंय, आणि मचाणावर माझ्या शेजारी बसणार आहेत.

माझं दचकणं कमी झालंय, गेलं नाही. ताई, तुला म्हणून सांगतो, मला भीती वाटते. कर्टिसची नाही, माझ्याच बोटाची.

या खेपेला टोमणे मारलेस तरी चालेल.

तुझा,
ऑर्लिन

ओहायो, ४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिल्याच सकाळी मोठा नर कापलेल्या मक्यातून आला. मी रायफल खांद्याला लावली आणि खांदा आपसूक आकसला. आता चाप ओढला की डोळे मिटणार, हे मला पक्कं कळलं. मग मी रायफल मार्सेलाच्या हातात दिली. ती बघतच राहिली. मी मानेनेच खूण केली. एक गोळी, आणि नर कुंपणापाशी जाऊन आडवा झाला.

आवाज ऐकून कर्टिस कात्री घेऊनच आला. त्याला हरीण दाखवलं, मारणारीही दाखवली. तर म्हणे, माघार घेणं म्हणजे चुकणंच. मी विचारलं, ज्याने गोळीच झाडली नाही तो चुकला कसा? बाबांच्या नियमात भित्र्यांबद्दल एक अक्षर नाही. त्याने बराच वाद घातला, शेवटी कात्री खिशात घालून हरीण ओढू लागला.

तर मचाण घरातच राहिलं. पण मार्सेला कालपासून त्याला "माझं मचाण" म्हणते. बडबड करून हरणं पळवशील, असं सांगून मी हिला इतकी वर्षं घरी बसवलं. काल सॉसेजचं मांस दळता दळता ती म्हणाली, "पुढच्या वर्षी तूही ये हवं तर. पण तोंड बंद ठेवायचं."

मी हो म्हणालो.

आहे तसाच लोभ राहू दे.

तुझा,
ऑर्लिन