मायचा हिरवा चहा

मानवत,
५ जानेवारी २०२५

प्रिय बबितास,
स. जयभीम, वि. वि.

फोनवर आपलं बोलणं भांडणावर जातं, म्हणून लिहिते. पत्रात कुणी मध्येच तोडत नाही.

माय तुझ्याकडे आठ दिवसांसाठी आली होती, आज सव्विसावा दिवस. डॉक्टरांनी दूध बंद केल्यापासून मी तिला रोज कोरा चहा द्यायची आणि ती तोंड वाकडं करून प्यायची. काल मात्र फोनवर म्हणाली, तुझी प्रियांका हिरवा चहा करून देते, लय झकास लागतो, इतक्यात काही यायची नाही. अकरा वर्षं माय माझ्याकडे आहे. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन मी करवलं, आणि कौतुक तुझ्या लेकीच्या पेल्याचं. माझा जळफळाट होतो, लपवून काय करू?

त्या पेल्यात काय घालता ते कळव. नागेशरावांना जयभीम सांग, लोभ आटू देऊ नकोस.

तुझी आक्का,
धम्मशीला

पूर्णा,
११ जानेवारी

ती. आक्कास,
सविनय जयभीम.

पत्र वाचून आधी हसले, मग राग आला. तू महिन्याभरात जळायला लागलीस, मी अकरा वर्षं जळतेय. माझ्या वाट्याला माय यायची ती भीमजयंतीचे दोन दिवस.

त्याला माचा म्हणतात, चहाच्या पानांची हिरवी पूड. प्रियांकानं पुण्याहून डबा आणलाय, निम्मी पूड पाठवतेय. दूध सोयाबीनचं. दाणे रात्रभर भिजवायचे, सालं काढून वाटायचे, फडक्यातून गाळून उकळायचे. पेल्यात चमचाभर पूड पाण्यात घालून छोट्या रवीनं घुसळ, वरून दूध आणि गूळ. एवढंच. तुझ्यासारख्या सुगरणीला काय अवघड?

मायची काळजी नको, गाल वर आलेत तिचे. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
बबिता

मानवत,
१९ जानेवारी

प्रिय बबितास,
स. जयभीम, वि. वि.

पाच दिवस शाळेत शिकवायला जायच्या आधी तुझा माचा करतेय. आपल्या चहासारखं पाणी खळखळ उकळलं, पूड टाकली, आलं ठेचून घातलं, दोन उकळ्या दिल्या. रंग मळकट, चव कडू. शेजारच्या कमलबाईंनी एक घोट घेतला आणि हा काढा कशावरचा म्हणून विचारलं.

जमलं की मायला घ्यायला येईन, असं मनाशी ठरवलं होतं. नाही जमत. सकाळी मायच्या बाजेकडे बघवत नाही, तिच्यावाचून मला करमत नाही. पण तिला तिकडे सुख असेल तर राहू दे. तुझं नशीब मोठं.

आक्का

पूर्णा,
२४ जानेवारी

धम्मे, जयभीम.

प्रियांका लिहायलीय, मी सांगायलेय. बबी बाजारात गेलीय.

तुझं पत्र पोरीनं वाचून दाखवलं. त्या पुडीला उकळतं पाणी चालत न्हाई, उकळी मोडू द्यावी लागती. बबीला हे ठाव हाय. तिनं मुद्दाम लिहिलं न्हाई. मी इचारलं तर म्हणली, आक्काला जमलं असतं तर तू गेली असतीस. तिच्यावर राग धरू नको.

मीबी काय कमी न्हाई. तो चहा मला आवडत न्हाई, गवतावाणी लागतो. हे लिहिताना प्रियांका तोंड फुगवून बसलीय. फोनवर तारीफ केली ती तुला ऐकवायला. अकरा वर्सांत तू माझं समदं केलंस, पर माझ्याबिगर करमत न्हाई असं कदी म्हणली न्हाईस. आता लिहून धाडलंस, बस झालं.

पुढल्या रविवारी येऊन घेऊन जा. कोरा चहा चालंल मला.

बबीला यातलं काही सांगू नको. रविवारपतूर तिच्या घरचा पेला मी रोज तळापतूर पिणार हाय. तिनंबी अकरा वर्सं वाट पाहिलीय.

तुझी माय,
सुलाबाई