तुझ्या पाळीचं पाणी

खापा, जानेवारी १९३६

प्रिय गोपिका,

त्या सकाळी तू ओसरीवर ज्वारी पाखडत होतीस, मी अंगण सारवत होते आणि शालिकराम भाऊजी दारात उभे राहून भाकरीची वाट पाहत होते. आठवतं ना? संत्र्यांचं पाणी बंद केल्याचं ते मला सांगत होते, तर तू सूप आपटून म्हणालीस, "झाडं तहानली अन् घरधनी इथं गोठी सांगून राहिले!" ते हसले. "सोसू द्या तहान, वहिनी, मंग बहार पाहाल," असं मला म्हणाले आणि भाकर बांधून गेले. त्याच आठवड्यात तापानं ते गेले.

पुढे झाडांची पानं मलूल झाली, पिवळी पडून गळू लागली. तू बांधावर उभी राहून ते पाहिलंस. धन्यामागे झाडंही चालली, असं म्हणालीस आणि वडिलांबरोबर सावनेरला गेलीस. दुकानदाराच्या घरात वाढलेली तू, तुला कुठून कळणार? मीही तेव्हा तोंड उघडलं नाही. रडणाऱ्या बाईला शेतीच्या गोष्टी काय सांगायच्या, असं वाटलं.

आता सांगते. झाडं मेली नाहीत. त्याला ताण देणं म्हणतात. थंडीत पाणी तोडायचं, झाड थकून निजतं, आणि संक्रांतीनंतर पाणी मिळालं की फुलांनी भरतं. वाणसामानाच्या पुड्यांवरून अक्षरं जुळवायला शिकलेली मी, शेतकी खात्याचं पत्रक हाती आलं तेव्हा त्यातही हेच वाचलं. पण भाऊजींना ते न वाचता ठाऊक होतं. झाडं तहान सोसतात तेवढे दिवस विहिरीचं पाणी मोकळं असतं, ते त्यांनी गव्हासाठी योजून ठेवलं होतं.

म्हणून आपल्या सामाईक विहिरीवर पाणी घ्यायची तुझी पाळी आली की मी मोट जोडत आले. शेजारच्या शेतातली यमुताई बांधावरून ओरडली, "रुखमे, आता धोतरही नेसतं का वं?" मी म्हटलं, तू धुऊन देशील तर नेसते. तुझ्या गव्हाला मुळं धरताना पाणी दिलं, पुन्हा पोटरीत आला, ओंबी बाहेर पडायच्या बेतात होती, तेव्हा दिलं. वाफे लहान केले, त्यामुळे पाणी टोकापर्यंत पोचतं आणि उरतं. हरभऱ्याला फुलाआधी एकदाच, हलकंसं. जास्त पाजलं की नुसता पाला माजतो. कापसाची पराटी तर आपल्याकडे पाणी मागतच नाही.

हे मी काहून करते, असं तुला वाटेल. आमचे हे गेले तेव्हा मी माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून होते. ज्याची पाळी एक हंगाम कोरडी गेली त्याचा हक्क बाकीच्या भावांत वाटला जातो, हा आपल्या विहिरीचा रिवाज. मला त्याचं भान नव्हतं. बाहेर आले तेव्हा माझा गहू दाण्यावर होता. पहाटे उठून माझी मोट कोण हाकत होतं, ते मला फार उशिरा कळलं. पहाटे कुठे जातात म्हणून तू शालिकराम भाऊजींवर रुसायचीस, तेव्हा ते माझ्या शेतात असायचे. दुःख अजून आहे, गोपिका. ते कमी होतं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्यासोबत गहू कापता येतो.

संक्रांत झाली आणि तुझा निरोप आला, की झाडं गेली, माझी पाळी देवराव भाऊजींना द्या. ते वाईट नाहीत, त्यांच्या वांग्यांना पाणी पुरत नाही एवढंच. येत्या शुक्रवारी ते सावनेरच्या बाजाराला येतील आणि तुझा होकार मागतील. तो देऊ नकोस, एवढ्यासाठी हे पत्र. आधी इथे ये, तुझी झाडं बघ, मग काय ते ठरव. निरोप मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या पाळीला बैल जुंपले, बुंध्यांना ओल लागू नये म्हणून भोवती मातीची कडी केली आणि तुझ्या संत्र्यांना पाणी सोडलं.

तुझीच जाऊ,
रुखमा