तुमची नळी फुकट नव्हती

अहो आई,

कालपासून तुमच्याशी बोलायचं म्हणून जीव नुसता वरखाली होतोय. फोटोसमोर उभी राहून बोलले, तर तुमचे चिरंजीव विचारतील, वेड लागलं का? म्हणून लिहायला बसले. एक खोटं कबूल करायचंय, आणि ते सांगताना मला हसू येतंय, हे आधीच सांगून ठेवते. रागवायचं नाही हं!

खोटं मानेतल्या नळीबद्दलचं आहे. पहिल्या नाही, दुसऱ्या.

पहिली आठवते ना? किडन्यांनी अचानक संप पुकारला, तातडीनं डायलिसिस करायचं ठरलं. त्यासाठी मानेच्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागेल, साडेबारा हजार होतील, असं मुलुंडच्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये सांगितलं. मी मुकाट्यानं पर्स उघडली. आणि तुम्ही, तोंडावर हिरवं कापड पडायच्या आत, डॉक्टरांना विचारलंत, "कापडाचे किती आणि शिलाईचे किती, ता आधी सांगा."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला! चाळीस वर्षं ब्लाउज शिवणाऱ्या बाईला बिल असंच कळणार, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. डॉक्टर मात्र भला माणूस. स्टूल ओढून बसला आणि सांगितलं, नळीचं किट इतक्याचं, माझी फी इतकी, सोनोग्राफी नि नंतरचा एक्स-रे इतका. शिलाई रास्त आहे, कापड महाग लावलंय, असा तुम्ही निकाल दिलात. तेच किट समोरच्या मेडिकलमधून आणलं, तर तेवीसशे रुपये वाचले. तरी मी घरी येऊन धुसफुसले, की आजारी माणसानं भाव करायचा असतो का? "इचारूक काय पैसे पडतत?" एवढंच बोललात आणि कूस बदललीत.

आमच्या माहेरी भाव विचारणं म्हणजे कमीपणा. छापील किंमत द्यायची आणि निघायचं. शाळेच्या ऑफिसात मी दिवसभर पालकांना फीचे आकडे सांगते, पण स्वतः काउंटरच्या अलीकडे उभी राहिले की दातखीळ बसते. त्यावरून तुम्ही मला किती छळलंत! आमची सून म्हणजे लाखाची धनीण, असं भाजीवाल्यालासुद्धा सांगायचात.

मग दुसरी नळी. पहिली तात्पुरती होती, हाताच्या शिरा डायलिसिसला साथ देईनात, म्हणून मोठ्या हॉस्पिटलात कातडीखालून टिकाऊ नळी बसवायची ठरली. बेचाळीस हजार. ह्यांची कंपनी नुकतीच बंद पडलेली. तुम्ही मला जवळ बोलावून बजावलंत, दहा हजारांच्या वर गेलं तर सरळ घरी न्या, माझं शिवून झालंय आता. तुम्ही बोललात म्हणजे केलंच असतंत. म्हणून मी माझी भिशी उचलली, काउंटरवर पैसे भरले आणि तुमच्या खाटेशी येऊन म्हटलं, "आई, गरिबांच्या कोट्यात बसलं. सगळं फुकट."

असा कोटा असतो की नाही, मला ठाऊकसुद्धा नव्हतं! तोंडाला आलं ते बोलले. तुम्ही विश्वास ठेवलात आणि नळी बसली.

पण तुम्ही गप्प बसाल तर ना! आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि तिन्ही दिवस शेजारच्या प्रत्येक खाटेला तुमचा उपदेश. "माझां फुकट झालां, तुझां कित्याक नाय? जा, इचार." मी बाहेरच्या बाकावर घाम पुसत बसायचे. लोक खरंच काउंटरवर जायला लागले. एक काका तर तिथून परत आले आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मनात म्हटलं, वाट लागली, आज पितळ उघडं पडतंय. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

त्या नळीवर तुम्ही अकरा महिने काढलेत, आणि काय झकास काढलेत! खांद्यावर हुक लावलेले ब्लाउज शिवून नळीवाल्या बायकांना वाटलेत, म्हणजे डायलिसिसला अर्धं अंग उघडं टाकायला नको. माझ्या पिंकीच्या दहावीच्या निकालाला तिच्यापेक्षा जास्त तुम्हीच मिरवलात. डॉक्टरांनी बंदी घातलेली कैरी शिलाई मशीनच्या खणात लपवलीत, आणि पकडल्यावर नातीचं नाव पुढे केलंत. मग एका दुपारी जेवून पडलात, त्या उठलाच नाहीत.

तर काल विक्रोळीची सविता आली. तुमच्या शेजारच्या खाटेवरची, नवरा रिक्षा चालवतो ती. तिला तिच्या आईची किडनी बसली, मानेतली नळी निघाली, म्हणून पेढे घेऊन आली होती. गालावर मांस चढलंय पोरीच्या. तुमच्या फोटोला हात जोडून म्हणाली, "आजींनी ढकललं म्हणून मी विचारलं. माझी नळी खरंच फुकट बसली. नाहीतर आम्ही उपचार सोडून गावाला निघालो होतो."

आई, ऐकलंत? माझ्या थापेतला कोटा खराच निघाला!

आज हाफ डे टाकून त्या हॉस्पिटलात गेले. आयुष्यात पहिल्यांदा आपणहून विचारलं. समाजसेवा विभागातल्या बाईंनी आपले त्या वर्षीचे उत्पन्नाचे कागद पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीही बसला असतात. अर्ज का नाही केलात?"

मी तिथंच हसत सुटले. इतकी, की त्यांनी पाणी आणून दिलं. मग थोडं रडलेही. बेचाळीस हजारांचं काही नाही हो, भिशी काय, कशात तरी गेलीच असती. पण तुम्ही आत लोकांच्या कामाचं बोलत होतात, आणि मी बाहेर बसून तुमची लाज बाळगत होते, हे सलतं. माफ कराल ना?

आता माझा शब्द ऐका. दर शनिवारी शाळा सुटली की मी त्याच बाकावर जाऊन बसणार. नवीन माणूस दिसला, की पैसे भरायच्या आधी त्याला आत विचारायला पाठवणार. दातखीळ बसली तरी बोलणार.

सुरुवात आजच केली. निघताना दारात एक बाई भेटल्या, हातात एस्टिमेटचा कागद, चेहरा पांढराफटक. त्यांना समाजसेवा विभागाची खोली दाखवली. त्या घाबरत म्हणाल्या, खरंच होतं का हो? तुमच्यात कुणाचं झालंय?

मी म्हटलं, "माझ्या सासूबाईंचं झालं होतं."

हे खोटं मात्र मी जन्मभर बोलणार आहे.

तुमची सून,
वैशाली