रोवेनाच्या सुट्टीचा बेत

बोहोल, फिलिपिन्स, २६ एप्रिल

प्रिय रोवेना,

हाँगकाँगला तू सांभाळतेस त्या आजीबाईंची कंबर आता बरी असेल. इकडे आम्ही ठीक. आईचा खोकला तेवढा जात नाही.

तुझ्या सुट्टीचं सगळं ठरवलंय. जूनमध्ये पर्यटक कमी, म्हणून रिसॉर्टवाली तेरेसिता तीन दिवसांना दोनच दिवसांचे पैसे घेणार आहे. खोली पंख्याची आहे. एसी कशाला हवा, तू काय मॅडम झालीस? जेवण तिथं घेऊ नकोस, नुसती लूट. मी मासे भाजून आणीन. डायव्हिंगचा सूट आणि सिलिंडर दुकानवाले आपल्या माणसांना अर्ध्यात देतात. पाण्याखाली तुला दुकानातला क्रिसान्तो घेऊन जाईल. सावध माणूस आहे, घाई करत नाही.

क्रिसान्तो का, बाबा का नाही, असं तू विचारशील. तीन दिवस मी इथपर्यंत येते आणि कागद फाडते.

बाबा गेले, रोवेना. जानेवारीच्या एकोणीस तारखेला.

साठीनंतर डायव्हिंगच्या दुकानाने त्यांना घरी बसवलं, हे तुला माहीतच आहे. ते कसले स्वस्थ बसतात. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरला नळी जोडायची, ती दातांत धरायची आणि खोल जाऊन मासे मारायचे, असं सुरू केलं. जन्मभर पाहुण्यांना 'हळू वर या, हळू' म्हणून बजावणारा माणूस. एके दिवशी नळीला पीळ पडला, हवा बंद झाली आणि ते एका दमात वर आले. खोलातून असं झटकन वर आलं की रक्तात हवेचे बुडबुडे होतात; पाय लुळे पडले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात संपलं.

तुला कळवायचं नाही, असं आईने ठरवलं. करार मोडून धावत येशील, नोकरी जाईल. परदेशी असलेल्यांना इथं कोण लगेच खरं सांगतं? नऊ दिवस घर प्रार्थनेला आलेल्या माणसांनी भरलं होतं. तू फोनवर गलबला ऐकून विचारलंस, तेव्हा शेजारी लग्न आहे असं मीच सांगितलं.

आणि बाबांच्या फोनवरून तुला येणारे निरोपही मीच लिहीत होते. कान दडपले तर नाक दाबून फुंक, हे मी लिहिलं. 'पोरी, तुला कासवं दाखवतो,' हेही मीच. एकदा लिहिलं आणि मग थांबता येईना. तू 'बाबा' म्हणून उत्तर दिलंस की मलाही घटकाभर ते आहेत असं वाटायचं. मला शिव्या दे, माझी लायकी तीच आहे. फोनवर हे लिहायला घेतलं की बोटं त्यांच्यासारखंच लिहायला लागतात. म्हणून हे पत्र. शेजारची होसेफा तिकडे कामावर परत निघालीय, तिच्या हाती देतेय. आईला ठाऊक नाही.

खोली मी रद्द केलेली नाही. तू ये किंवा नको येऊस, माझ्याशी बोल किंवा नको बोलूस.

रविवारी तू त्यांना विचारलंयस, 'बाबा, खाली गेल्यावर माझा हात सोडणार नाही ना?' ते अजून तसंच पडून आहे. त्याचं उत्तर मला लिहिता आलं नाही.

या खेपेला खरोखर मीच,
फेलिसाताई